इंग्रजीतला ‘काऽम’ कुठे आणि कसा वापरायचा: बडोद्याच्या मराठी नवशिक्यांसाठी

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांतून माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येणाऱ्यांचं व्याकरण बहुतेकदा बरं असतं. काळ चुकत नाहीत, वाक्य उभं राहतं. अडतं ते साध्या, रोजच्या शब्दांपाशी. त्यातला एक म्हणजे सी-ए-एल-एम या चार अक्षरांचा शब्द. सगळ्यांना तो ओळखीचा वाटतो, ‘म्हणजे शांत’ असं सगळे सांगतात, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

आपला ‘शांत’ फार कष्टाळू शब्द आहे. मूल शांत, पाणी शांत, गल्ली शांत, स्वभाव शांत. दिवा शांत झाला, भूक शांत झाली, ग्रहांची शांत केली. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द येतो, आणि सी-ए-एल-एमच्या वाट्याला यातली थोडीच कामं येतात. ती कोणती, हे एकदा नीट कळलं की नोकरीच्या मुलाखतीत, दवाखान्याच्या काउंटरवर किंवा कॅनडातल्या नातवाच्या शाळेत फोन करताना हा शब्द आपणहून योग्य जागी पडतो. खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या, पण तिसरीवर जास्त थांबा. खरं काम तिथे आहे.

पायरी १: आधी तोंडात बसवा

या शब्दातला एल उच्चारत नाहीत. ‘काल्म’ किंवा ‘कॅल्म’ म्हणू नका. उच्चार आपल्या ‘काम’ या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. वाचताना गोंधळ नको म्हणून या लेखात मी तो ‘काऽम’ असा लिहिते. अमेरिकेत काही लोक हलकासा एल काढतात, त्यामुळे तिकडच्या माणसाच्या तोंडून तसा ऐकलात तर दचकू नका.

एल कसा गिळायचा हे तुम्हाला आधीपासून येतं. डोकं दुखलं की आपण कपाळाला बाम लावतो. त्या बामच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, बी-ए-एल-एम, आणि आजवर कुणी ‘बाल्म द्या’ म्हणून दुकानात गेलेलं नाही. बाम जसा, तसाच काऽम. तळहाताचा पाम, बायबलातल्या स्तोत्राचा साम हे त्याच कुटुंबातले. हाफ, वॉक, टॉक, चॉक यांतलाही एल असाच मुका आहे.

स्वर मात्र लांब हवा. तो आखूड झाला की ‘काऽम डाउन’चं ‘कम डाउन’ होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही त्याला जिन्यावरून खाली बोलावताय. पुढे ‘ली’ लागलं की ‘काऽमली’ होतं. तिथला एल स्पष्ट ऐकू येतो, कारण तो ‘ली’चा आहे, मूळ शब्दाचा नाही.

पायरी २: काय ढवळलं गेलं असतं, ते विचारा

या शब्दाची किल्ली एका प्रश्नात आहे: इथे काहीतरी खवळू, उसळू, घाबरू शकलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, आणि तरी ते खवळलेलं नसेल, तर काऽम. समुद्र खवळू शकतो, म्हणून काऽम सी. मन घाबरू शकतं, म्हणून काऽम माइंड. आवाज चढू शकतो, म्हणून काऽम व्हॉइस. गर्दी बिथरू शकते, परिस्थिती चिघळू शकते, शेअर बाजार उसळू शकतो. या सगळ्यांना हा शब्द लागतो. खुर्ची बिथरत नाही. म्हणून काऽम चेअर असं काही नसतं. काऽम रूम म्हटलंत तर ऐकणारा थोडा थांबेल: खोली रंगाने, उजेडाने मनाला निवांत करणारी आहे असं तुम्हाला म्हणायचं आहे, की तिथे आवाज नाही असं? आवाज नाही म्हणायचं असेल तर तो शब्द वेगळा आहे. त्याकडे पुढच्या पायरीत येऊ.

शब्दाचा जन्मही हेच सांगतो. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे इटालियन ‘काल्मा’, त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिन ‘काउमा’, आणि सगळ्यांत मागे ग्रीक ‘काउमा’, म्हणजे जाळणारा उकाडा. मधला एल लॅटिनमधल्या ‘तापणे’ या अर्थाच्या दुसऱ्या एका धातूच्या प्रभावाने शिरला असावा, असं मानतात. आमच्या नंदेसरीतल्या कारखान्यांत ज्याचे ड्रम येतात त्या कॉस्टिक सोड्यातला ‘कॉस्टिक’सुद्धा ‘जाळणे’ या त्याच ग्रीक धातूपासून निघालेला आहे. उकाड्यापासून शांततेपर्यंत शब्द कसा पोचला, हे बडोदेकराला समजावून सांगावं लागू नये. वैशाखातल्या दुपारी मांडवीपाशी उभं राहून बघा. निम्मी दुकानं ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, झाडाचं पान हलत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी भर दुपारच्या त्या थिजलेल्या वेळेचं नाव वारा पडलेल्या समुद्राला दिलं. माणसाच्या मनाला ते नंतर लागलं.

म्हणून हा शब्द वापरताना वाऱ्याचा विचार मनात ठेवा. वारा सुटू शकला असता, पण सुटला नाही. किंवा सुटला होता आणि आता पडला. एवढं लक्षात राहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

पायरी ३: शेजारी ओळखा

काऽमच्या आजूबाजूला चार-पाच शब्द राहतात, आणि मराठीत ते सगळे ‘शांत’ या एकाच दारातून आत येतात. इंग्रजीत मात्र त्यांची दारं वेगळी आहेत.

सगळ्यांत जवळचा क्वाएट. हा मुख्यतः आवाजाशी बांधलेला. क्वाएट रूम, क्वाएट स्ट्रीट, क्वाएट चाइल्ड. स्पेलिंगमध्ये शेवटी ई-टी. ते उलटून टी-ई केलंत की ‘क्वाइट’ होतं, म्हणजे ‘बऱ्यापैकी’. अर्ज लिहिताना ही अदलाबदल फार होते.

क्वाएट आणि काऽम यांतला फरक मी नेहमी क्रिकेटपटू विजय हजारे यांच्या उदाहरणाने सांगते, कारण बडोद्याच्या घराघरात ते नाव माहीत आहे. हजारे अबोल, संकोची माणूस. कर्णधार असतानाही गाजावाजा नाही. इंग्रजीत या गुणाला क्वाएट म्हणतील. आता १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला या. समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलियन संघ, रे लिंडवॉलचा तोफखाना. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ केले. दुसऱ्या डावात भारत २७७ मध्ये आटोपला, त्यातले १४५ एकट्या हजाऱ्यांचे. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या टोकाला विकेट पडत असताना ते ज्या मनाने उभे होते, ते काऽम. अबोलपणाचा तिथे काही संबंध नाही. बडबडा फलंदाजही क्रीजवर काऽम असू शकतो, आणि तोंडातून शब्द न काढणारा आतून पुरता हादरलेला असू शकतो. तेव्हा वाक्य असं करा: ‘ही वॉज अ क्वाएट मॅन अँड अ काऽम बॅट्समन.’ दोन शब्द अदलून बघा, अर्थ बदलतो.

हाच फरक लग्नाच्या बायोडेटात उपयोगी पडतो. ‘मुलगी शांत स्वभावाची’ याचं ‘क्वाएट’ केलंत तर परदेशातला वाचणारा समजतो, मुलगी फारशी बोलत नाही. पटकन चिडत नाही, गडबडत नाही असं सांगायचं असेल तर ‘काऽम’ लिहा, किंवा ‘ईव्हन-टेम्पर्ड’. आईवडिलांना बहुतेकदा हेच म्हणायचं असतं.

सायलेंट म्हणजे आवाज शून्य. क्वाएटमध्ये थोडी कुजबुज चालते, सायलेंटमध्ये नाही. ‘शांतता राखा’चं शब्दशः ‘कीप काऽमनेस’ करू नका. वाचनालयात हवं ते ‘सायलेन्स, प्लीज’ किंवा ‘प्लीज कीप क्वाएट’. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांच्या हातून संस्थानातल्या वाचनालयांची घडी बसवायला घेतली. त्यातूनच मांडवीची सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. तिथे वाचत बसलेल्या माणसाला सायलेन्स लागतो. वाचताना तो स्वतः काऽम असेल किंवा पुस्तकातल्या प्रसंगाने हललेलाही असेल. लायब्ररीला त्याच्याशी कर्तव्य नाही.

पीस या शब्दाचा आवाका मोठा. दोन देशांतला तह, घरातला सलोखा, मनाची खोल तृप्ती, मेलेल्या माणसाची विश्रांती. मनःशांती म्हणजे पीस ऑफ माइंड. काऽम ऑफ माइंड असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे माणूस गेला की ‘शांत झाले’ असंही म्हणतात. याचं ‘ही बिकेम काऽम’ केलं तर दुःखाच्या प्रसंगी भलताच अर्थ निघेल, कारण त्याचा अर्थ होतो, चिडलेले होते, आता निवळले. अशा वेळी ‘ही पास्ड अवे पीसफुली’. आत्म्याला शांती लाभो म्हणायचं तरी पीसच.

स्टिल म्हणजे हालचाल नसलेलं. फोटो काढताना ‘स्टँड स्टिल’. कूलला अर्थ पुष्कळ: गार, झकास, आणि संकटात डोकं थंड ठेवणारा. पण कुणाचं स्वागत कूल होतं असं म्हटलं तर ते थंडं होतं, म्हणजे मनापासून नव्हतं. काऽम रिसेप्शनला हा डाग लागत नाही.

या शब्दांची सगळ्यांत नेमकी फोड ज्यांनी केली ते आपल्याच गावात इंग्रजी शिकवून गेले. श्री अरविंद १८९३ ला इंग्लंडहून येऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत लागले, बडोदा कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि १९०६ ला इथून गेले. दांडिया बाजारातलं अरविंद निवास अनेकांनी पाहिलं असेल. सुरतेच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत, ते बडोद्यात विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यासोबत तीन दिवस ध्यानाला बसले. तिथे मन पूर्ण निःशब्द झाल्याचा अनुभव त्यांना आला. पुढे पाँडिचेरीहून साधकांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी चार शब्द वेगळे करून दिले. त्यांच्या मते क्वाएट हे अभावाचं नाव आहे: खळबळ नाही, एवढंच. काऽम ही भरीव गोष्ट; वरच्या थरात हालचाल असली तरी ती खाली टिकून राहू शकते. पीस म्हणजे तेच काऽम आणखी खोल जाऊन आनंदाच्या जवळ पोचलेलं. आणि सायलेन्स म्हणजे विचाराची हालचालच नसणं.

साधना हा तुमचा विषय नसला तरी यातली दुसरी व्याख्या पाठ करण्याजोगी आहे. वर हालचाल चालू, खाली स्थिर. रोजच्या इंग्रजीतही शब्द असाच चालतो. इमर्जन्सी वॉर्डातली नर्स धावतेय, हात भराभर चालताहेत, तरी ‘शी वॉज काऽम’. ती क्वाएट नव्हती, सूचना देत होती. स्टिल तर मुळीच नव्हती.

पायरी ४: जिथे मराठी ‘शांत’ आहे पण काऽम नाही, त्या जागा वेगळ्या काढा

यांची एक छोटी वही करा. दिवा शांत झाला: ‘द लॅम्प वेन्ट आउट’. भूक शांत झाली: ‘आय ॲम फुल’ किंवा ‘माय हंगर इज सॅटिस्फाइड’. उन्हाने भाजलेल्या कातडीची आग शांत झाली: इथे क्रियापद ‘सूद’, म्हणजे दुखरी जागा निववणं, बाम हे काम करतो. वास्तुशांत मात्र सरळ ‘हाउसवॉर्मिंग’. ग्रहशांतीला इंग्रजी शब्द शोधत बसू नका. ग्रहशांती म्हणा आणि एका वाक्यात समजावून द्या. ऐकणाऱ्याला तेच आवडतं.

बडोद्याच्या मराठीत आणखी एक खास जागा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या इंग्रजीच्या पुस्तकांत ती सापडणार नाही. गुजराती शेजारी म्हणतो, ‘शांतिथी बेसो’, ‘शांतिथी जमजो’. त्यावरून आपणही म्हणतो, ‘शांतीनं जेवा’, ‘शांतीनं या, घाई नाही’. यात शांतता नसते, सवड असते. हे वाक्य इंग्रजीत नेताना लोक ‘ईट पीसफुली’ किंवा ‘कम काऽमली’ करतात. पाहुण्याला वाटतं, जेवताना भांडण होण्याची शक्यता होती की काय. तिथे ‘टेक यॉर टाइम’ हवं, किंवा ‘देअर इज नो हरी’. जेवायला वाढून झालं असेल तर ‘एन्जॉय यॉर मील’. ‘मी शांतीनं सांगते’ याचं ‘आय विल टेल यू लेटर, व्हेन वी हॅव टाइम’. मला ही आपली ‘शांती’ फार प्रिय आहे. ती सोडा असं मी मुळीच सांगत नाही. इंग्रजीत नेताना तिचे कपडे बदला, एवढंच.

पायरी ५: वाक्यात बसवा

विशेषण म्हणून हा शब्द तीन क्रियापदांबरोबर सतत येतो: स्टे, कीप, रिमेन. ‘स्टे काऽम’ बोलण्यात, ‘कीप काऽम’ थोडं घोषणेसारखं, ‘रिमेन काऽम’ सूचनापत्रकात. लिफ्ट अडकली तर आतल्या पाटीवर रिमेन असेल, बाहेरचा शेजारी स्टे म्हणेल. नुसतं ‘बी काऽम’ चूक नाही, पण कमी ऐकू येतं.

‘कीप काऽम अँड कॅरी ऑन’ हे मगांवर आणि टीशर्टांवर छापलेलं वाक्य तुम्ही पाहिलंच असेल. ते १९३९ चं, ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने युद्धाच्या तोंडावर छापलेल्या भित्तिपत्रकावरचं. प्रती लाखांनी छापल्या, पण लोकांसमोर ते जवळजवळ लागलंच नाही. २००० साली नॉर्थम्बरलँडमधल्या ॲनिक गावी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात एक प्रत सापडली आणि तिथून ते जगभर गेलं. नवशिक्यासाठी त्या वाक्याचा उपयोग असा: ‘कीप’च्या नंतर लगेच विशेषण येतं, मध्ये काही लागत नाही.

नाम म्हणून दोन रूपं आहेत. परिस्थितीबद्दल बोलताना काऽम हाच शब्द नाम होतो: ‘द काऽम ऑफ द इव्हनिंग’. माणसाच्या गुणाबद्दल बोलताना काऽमनेस: ‘हर काऽमनेस हेल्प्ड अस ऑल’. शंका आली तर पहिलं वापरा.

क्रियापद म्हणून करणं आणि होणं या दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. आईने बाळाला शांत केलं: ‘शी काऽम्ड द बेबी’. बाळ शांत झालं: ‘द बेबी काऽम्ड डाउन’. होण्याच्या बाजूला ‘डाउन’ बहुधा लागतंच. करण्याच्या बाजूला नसलं तरी चालतं. राग शांत झाला म्हणायचं तर रागाला कर्ता करू नका, माणसाला करा: ‘ही काऽम्ड डाउन’. संगीताचा, सुरसागरच्या काठावरच्या संध्याकाळच्या वाऱ्याचा, आजीच्या आवाजाचा परिणाम सांगायचा असेल तर ‘काऽमिंग’: ‘हर व्हॉइस इज काऽमिंग’. इथे ती स्वतः शांत आहे असं म्हटलेलं नाही, ती दुसऱ्याला शांत करते असं म्हटलं आहे.

पायरी ६: ‘काऽम डाउन’ जपून

व्याकरणाने बरोबर आणि व्यवहारात महागात पडणारं असं हे वाक्य आहे. लहान मुलाला, घाबरलेल्या मैत्रिणीला, मायेच्या सुरात म्हटलं तर ठीक. चिडलेल्या मोठ्या माणसाला म्हटलं तर त्याला ऐकू येतं: तुमचा राग विनाकारण आहे, आवरा. मराठीत ‘जरा शांत व्हा’ म्हणताना आपण पुढे ‘काका’ लावतो, हाताने बसायला सांगतो, पाणी पुढे करतो. इंग्रजी वाक्यात ते काहीच उरत नाही, नुसती आज्ञा उरते.

दवाखान्याच्या, बँकेच्या किंवा कॉल सेंटरच्या काउंटरवर बसणाऱ्यांनी हे मनात कोरून ठेवावं. चिडलेल्या ग्राहकाला ‘सर, प्लीज काऽम डाउन’ म्हणण्याऐवजी त्याला कशाचा त्रास झाला ते आधी मान्य करा: ‘आय अंडरस्टँड, सर. यू हॅव बीन वेटिंग अ लाँग टाइम. लेट मी चेक राइट अवे.’ यात काऽम शब्द कुठेही नाही, आणि बहुतेक माणसं खाली येतात ती या वाक्यांनी. घरच्या माणसाला म्हणायचं असेल तर ‘टेक अ डीप ब्रेथ’ किंवा ‘लेट्स सिट डाउन फर्स्ट’. घाबरलेल्याला ‘इट्स ओके, आय ॲम हिअर’. बोलताना तुमचा आवाज काऽम ठेवा. तो ठेवलात की शब्द तोंडाने उच्चारायची गरज फारशी राहत नाही.

‘रिलॅक्स’ हा शब्दसुद्धा चिडलेल्या माणसापुढे टाळा. तोही तितकाच टोचतो.

पायरी ७: वर्तमानपत्र आणि हवामान वाचायला घ्या

इंग्रजी वर्तमानपत्रात हा शब्द दंगल, निवडणूक, पूर यांच्या बातम्यांत भेटतो. ‘अपील्ड फॉर काऽम’ म्हणजे शांततेचं आवाहन केलं. ‘काऽम वॉज रिस्टोअर्ड’ म्हणजे परिस्थिती पूर्ववत झाली. मराठी वार्ताहरांची आवडती ‘तणावपूर्ण शांतता’ इंग्रजीत ‘टेन्स काऽम’ किंवा ‘अनईझी काऽम’ होते. दुसऱ्या पायरीवरचा प्रश्न इथे लावून बघा: खवळू शकतं, अजून खवळलेलं नाही. शब्द चपखल बसतो.

वादळापूर्वीची शांतता म्हणजे ‘द काऽम बिफोर द स्टॉर्म’. सायलेन्स बिफोर द स्टॉर्म असं लोक भाषांतर करतात. ते समजतं, पण रुळलेलं नाही. इंग्लंडात ‘लल’ हा शब्दही याच जागी घालतात.

हवामानात तर काऽमला मोजमाप आहे. ब्रिटिश आरमारातले अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास वाऱ्याची शून्य ते बारा अशी श्रेणी केली. शून्य म्हणजे काऽम: वारा १ नॉटपेक्षा (ताशी एका सागरी मैलापेक्षा) कमी, धूर सरळ वर जातो, समुद्र आरशासारखा. पुढचे आकडे झुळुकीपासून चक्रीवादळापर्यंत चढतात. शिडाच्या जहाजांच्या काळात हे शून्य खलाशांना नको असायचं, कारण वारा नसला की जहाज जागचं हलत नाही. त्या अडकण्यासाठी इंग्रजीत ‘बिकाऽम्ड’ असा शब्दच आहे. शाळेच्या भूगोलात आपण ‘विषुववृत्तीय शांत पट्टा’ शिकलो, तोच हा प्रदेश. तिथे जहाजं अडकायची आणि पिण्याचं पाणी संपत यायचं. तेव्हा काऽम दर वेळी सुखाचाच असतो असं समजू नका.

तो वरच्या पृष्ठभागाबद्दलही बोलतो, हे विश्वामित्रीच्या पुलावरून दिसतं. उन्हाळ्यात पाणी इतकं निश्चल असतं की ‘द वॉटर लुक्स काऽम’ असं कुणीही म्हणेल. खाली मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात त्या वस्तीत शिरलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. म्हणून त्या वाक्यात ‘इज’च्या जागी ‘लुक्स’ घालायला शिका. दिसणं आणि असणं यांत फरक करायचा असला की इंग्रजी माणूस काऽमबरोबर लुक, साउंड, सीम ही क्रियापदं वापरतो: ‘शी साउंडेड काऽम ऑन द फोन.’ आत काय चाललं होतं, ते वाक्य सांगत नाही.

पायरी ८: मुलाखतीत वापरायचा असेल तर

मकरपुऱ्याच्या कारखान्यांत असो की परदेशी कंपनीच्या व्हिडिओ कॉलवर, ‘दबावाखाली कसं काम करता?’ हा प्रश्न येतोच. ‘आय स्टे काऽम अंडर प्रेशर’ हे उत्तर सगळे देतात, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. स्वतःबद्दल हे विशेषण वापरण्याऐवजी प्रसंग सांगा, आणि शब्द वापरायचाच असेल तर एकदाच, शेवटाकडे. समजा तुम्ही रात्रपाळीचे ऑपरेटर आहात: ‘द पंप स्टॉप्ड ॲट नाइट. फर्स्ट आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह. देन आय कॉल्ड द सुपरवायझर अँड टोल्ड द टीम टु मूव्ह बॅक. एव्हरीवन वॉज सेफ. आय ट्राय टु स्टे काऽम अँड डू द नेक्स्ट थिंग.’ पाच लहान वाक्यं, सगळी नवशिक्याला झेपणारी. ‘ट्राय टु’ ठेवा. त्याने बोलणं खरं वाटतं.

सरावाला रोज एक बातमी आणि एक घरचा प्रसंग पुरतो. बातमीत काऽम, क्वाएट, पीस, सायलेन्स यांपैकी जो शब्द दिसेल त्याखाली रेघ मारा, आणि त्याच्या जागी दुसरा घातला तर काय बदलेल ते मराठीत मोठ्याने सांगा. मग घरचा प्रसंग घ्या: दुपारी झोपलेलं बाळ, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा मुलगा, वीज गेल्यावरची गल्ली, सूनबाईचा पहिला ड्रायव्हिंगचा धडा. प्रत्येकाला एक इंग्रजी वाक्य करा. झोपलेलं बाळ स्टिल किंवा क्वाएट, वीज गेलेली गल्ली क्वाएट. परीक्षेच्या रात्रीचा मुलगा काऽम असेल किंवा नसेल, ते त्याच्याकडे बघून ठरवा. आणि गाडी शिकवणारे सासरे शेजारी बसले असतील तर त्यांच्यासाठी आधी ‘ही ट्राइड टु स्टे काऽम’ हे वाक्य लिहून ठेवा, धडा संपल्यावर ‘ट्राइड टु’ खोडायचं की ठेवायचं ते सूनबाईला विचारा.